दर पंधरा किलोमीटरला प्रार्थना

"शनिवारपर्यंत ती गाडी दारातून गेली पाहिजे," असं दीनाबाईंनी नवऱ्याला बजावलं, तेव्हा बुधवार उजाडला होता. शनिवारी मुलीचा, ग्रेसचा, साखरपुडा होता आणि मांडवाच्या जागेवर मधोमध गाडी उभी होती. तिला ढकलून ठेवायलाही दुसरीकडे जागा नव्हती.

शलमोन भिंगारदिवे सर निवृत्त विज्ञान शिक्षक, त्यामुळे गाडीचा आजार त्यांना नावानिशी ठाऊक होता. त्यांनी ऑनलाइन मागवलेला स्कॅनर स्टिअरिंगखालच्या खोबणीत लावला की मोबाईलवर कोड यायचा, पी-शून्य-तीन-शून्य-दोन. म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर नीट पेटत नाही. नागापूरच्या मेकॅनिकने प्लग बदलला, कॉइल बदलली आणि शेवटी फोन उचलणं बंद केलं. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा बघून दोन गिऱ्हाइकं चहाही न घेता निघून गेली होती.

मात्र मोबाईलवरून कोड पुसला की दिवा विझतो आणि पंधरा किलोमीटर झाल्यावर पुन्हा लागतो, हे सरांनी ओळखलं होतं. गाडी थरथरायची, पण आपल्याकडे थरथर रस्त्याच्या नावावर खपते. गिऱ्हाइकाला पंधरा किलोमीटरच्या आत फिरवून आणायचं, एवढंच काम. जन्मभर खरं बोललेल्या माणसाला इतकी सवलत असावी, असं सरांनी स्वतःच ठरवून टाकलं.

गुरुवारी पाथर्डीकडचे ऊसतोडीचे मुकादम राधाकृष्ण गर्जे आले. सोबत काठी टेकत चालणारी त्यांची आई भागूबाई होती.

"चला, भिंगारपर्यंत चक्कर मारून येऊ," सर म्हणाले.

"चक्कर कशाला? आमच्यात गाडी घ्यायच्या आदी मोहट्याला देवीम्होरं न्हेत्यात. तुमीच चालवा. देवीनं बघितल्याबिगर मी स्टेअरिंगला हात लावत न्हाई," राधाकृष्ण म्हणाला.

मोहटा साठ किलोमीटर. सरांनी मनातल्या मनात भागाकार केला. उत्तर चार आलं.

चौदाव्या किलोमीटरला त्यांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. स्कॅनरची पिन ढिली होती. ती अंगठ्याने दाबून धरायची, दुसऱ्या हातात मोबाईल घ्यायचा आणि दहा आकडे मोजायचे. सर स्टिअरिंगखाली वाकून पुटपुटू लागले.

"काय झालं, सर?" राधाकृष्णने विचारलं.

"गप रं," मागून भागूबाई म्हणाल्या. "प्रार्थना करतोय मानूस. मोबाईलात पोथी हाय त्येच्या."

सरांनी नाही म्हटलं नाही. सगळा घोटाळा इथे झाला.

करंजी घाटात चढामुळे दिवा नवव्याच किलोमीटरला लागला. सर पुन्हा वाकले. भागूबाई म्हणाल्या, "आता वाकलाच हाय तर माज्या गुडघ्याचं बी सांगा. डावा."

तिसगावच्या स्टँडजवळ तिसऱ्यांदा थांबावं लागलं. तोवर भागूबाईंनी खिडकीतून दोन ओळखीच्या बायकांना सरांची माहिती दिली होती. सरांचे दहा आकडे होईपर्यंत एकीची न लागणारी बोअर, दुसरीच्या पोराची पोलीस भरती आणि कुणाची तरी दूध न देणारी म्हैस त्यांच्या कानावर घालण्यात आली. मान वर करायची सरांना लाज वाटू लागली.

पाथर्डीच्या पुढे चौथी प्रार्थना उरकली. मोहट्याला भागूबाई गाडीतून उतरल्या आणि काठी गाडीतच विसरून पायऱ्या चढून गेल्या. राधाकृष्ण तोंड उघडं ठेवून बघत राहिला. दर्शन घेऊन त्या खाली आल्या आणि म्हणाल्या, "राधा, ही गाडी घ्यायची न्हाई. असल्या मानसाची गाडी काढून घेतली तर पाप लागंल."

सरांचा धीर सुटला. "आजी, मी प्रार्थना करत नव्हतो. गाडीचा दोन नंबरचा सिलिंडर बाद आहे. दिवा लागू नये म्हणून मी कोड पुसत होतो. मी तुम्हाला फसवलं."

त्यांचे डोळे भरून आले होते. भागूबाईंनी त्यांच्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. "बग राधा. मोठेपना नगं म्हनून सोताच्या अंगावर खोटं घेतोय."

भागूबाई प्रसाद घ्यायला वळल्या तेव्हा राधाकृष्ण सरांना बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "सर, सिलिंडरचं मला भिंगारलाच आवाजावरनं कळलं हुतं. आमच्या जीपचा तर तीन वर्षं झाली दिवा जळतोय, मी वर काळी पट्टी मारलीया. मला तुमची गाडी चालली असती. पन आता आई घिऊ देनार न्हाई."

परतीच्या वाटेवर सरांनी कोड पुसला नाही. दिवा लागला, लुकलुकू लागला आणि तिसगावच्या स्टँडसमोर गाडी धक्के देत आपणहून बंद पडली. तिथे चाळीसएक माणसं सरांची वाट बघत होती. गाडी नेमकी आपल्यासमोर थांबलेली पाहून पुढच्यांनी हात जोडले. भागूबाईंनी काच खाली करून सगळ्यांना सरांचा पत्ता दिला आणि शनिवारी साखरपुड्यामुळे सर दिवसभर घरीच असतील हेही सांगितलं.

तेवढ्यात दीनाबाईंचा फोन आला. "गाडी गेली का हो? मांडववाला माप घ्यायला आलाय."

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. गर्दीत एकाने म्हैससुद्धा आणली होती.

"दीना," ते म्हणाले, "त्याला मांडव गाडीच्या भोवतीनं घालायला सांग. आणि शनिवारच्या स्वयंपाकात चाळीस पानं वाढव."