देवराजाचा फासा गुलब्याच्या पोटात

"माझ्या राज्यात अमर कुणीच होणार न्हाई! लिहून घ्या!" असं प्रविण छाती ठोकून सांगायचा. त्याला खात्रीच होती तशी. लबाडी त्यानं स्वतःच्या हातानं केलेली!

बीडला क्लासला असताना खोलीतल्या पोरांनी त्याला ह्या खेळाचा नाद लावला. एकानं बसल्या जागी राज्य सांगायचं, बाकीच्यांनी त्यात कुणी शिपाई, कुणी जादूगार व्हायचं, आणि जगायचं की मरायचं ते वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं. प्रविणच्या राज्यात देवराजा प्रविणच. त्याच्यापुढं पवित्र झुंजी व्हायच्या, आणि शेवटच्या झुंजीत ज्याला वीस पडतील त्याला अमरपट्टा! वीस पडूच नयेत म्हणून देवराजानं फासा एका अंगानं दगडावर घासून ठेवला होता.

नोकरी लागली तसा तो उमापूरला घरी आला. आबांनी, म्हणजे त्याच्या बापानं, आप्पारावांनी, नवस केलेला : पोरगं नोकरीला लागलं की बिरोबाला बोकड. बोकड दावणीलाच होता. गुलब्या! कान केळीच्या पानासारखे लांब, आणि डोळे सदा आत्ताच माहेराहून परतलेल्या लेकीसारखे ओले. आई मेलेल्या त्या पिल्लाला प्रविणच्या धाकट्या बहिणीनं, करिष्मानं, बोटानं दूध चाटवून जगवलेलं. रविवारी नवस फेडायचं ठरलं, भावकीला सांगावा गेला, आणि करिष्माच्या ताटातली भाकरी तशीच राहू लागली.

शनिवारी दिवस कलताना ती म्हणाली, "दादा, मलाबी खेळव. मी जिंकले तर अमर कुणाला करायचं ते मी ठरवणार."

"कर की गुलब्याला!" देवराजा हसला. त्याचं काय जात होतं!

ओट्यावर घोंगडी पांघरून तो सिंहासनावर बसला. सिंहासन म्हणजे उपडी बादली. करिष्मा खेळात मेंढकी झाली आणि एकेक झुंज जिंकत शेवटच्या झुंजीला येऊन ठेपली. देवराजानं हात वर केला. "ऐका! पवित्र फासा फिरतोय तोवर माझ्या राज्यात कुणी कुणाला मारायचं न्हाई!"

करिष्मानं डोळे मिटून फासा टाकला. तो टणाटण उड्या मारत ओट्याखाली गेला, गुलब्यापुढच्या मक्यात पडला, आणि आकडा कुणाला दिसायच्या आत गट्ट!

"गिळला?" देवराजा बादलीवरून घसरला.

"गिळला!"

"अन् आकडा?"

"आतच हाय!"

रविवारी भावकी जमली. बोकडाच्या पाठीवर पाणी सोडायचं, त्यानं अंग झाडलं की देवानं तो पत्करला, अशी रीत. झाडल्याशिवाय सुरीला हात लावायचा नाही. आबांनी तांब्या ओतला. गुलब्या उभा. कळशी ओतली. गुलब्या उभा! घागर झाली, हंडा झाला, अंगणातल्या कोंबड्या पोहायच्या बेताला आल्या, पण बोकडाचा केस हलेना.

"कावून झाडंना बे ह्यो?" आबा घामाघूम.

"कसा झाडंल?" करिष्मा पुढं झाली. "दादाच्या देवराजाचा फासा त्याच्या पोटात फिरतोय. फिरतोय तोवर कुणी मारायचं न्हाई, असा हुकूम हाय!"

बायडाबाई आत्यांनी तोंडाला पदर लावला. "अगं बया! दुसऱ्या देवाचा बोकड बिरोबाम्होरं उभा केला? कुठला गं हा देव?"

"तो काय, खांबाला टेकलाय!"

सगळ्या माना प्रविणकडं वळल्या.

"आबा, खेळ हाय हो नुसता!"

"हुकूम दिलतास का न्हाई?"

"दिलता…"

"मग मागं घे!"

प्रविणनं तोंड उघडलं. भिजलेल्या गुलब्याच्या मानेवर करिष्माचा हात होता, निजलेल्या लेकराच्या अंगावर ठेवावा तसा. देवराजानं उघडलेलं तोंड मिटलं, हुकूम काही मागं घेतला नाही.

तेवढ्यात निवांत रवंथ करणारा गुलब्या ठसकला. टक्! दगडावर फासा पडला. भावकी वाकली.

वीस!

प्रविणचे डोळे पांढरे झाले. हे होणंच शक्य नव्हतं! पण 'शक्य न्हाई' म्हणावं, तर का ते सांगावं लागणार!

"दादा?" करिष्मानं विचारलं.

"अमर," देवराजा पुटपुटला.

आणि गुलब्यानं अंग झाडलं! असं झाडलं की पहिल्या रांगेतली भावकी आंघोळ करून मोकळी झाली. "बिरोबालाबी मान्य हाय!" आत्या ओरडल्या आणि तिथंच हात जोडून खाली बसल्या. आबांनी सुरी पुसून कांदे चिरायला आत दिली. भावकी पिठलं-भाकरी जेवली.

सोमवारी सकाळी प्रविण नोकरीवर जायला निघाला. नवाकोरा शर्ट, कडक इस्त्री. दावणीजवळून जाताना गुलब्यानं बाही धरली आणि चावायलाच घेतली! प्रविणनं हात उगारला.

"हां!" आत्या ओट्यावरून गरजल्या. "अमर हाय तो!"

उगारलेला हात हळूच खाली आला, गुलब्याच्या पाठीवरून फिरला. घड्याळात पाहून देवराजानं सुस्कारा सोडला आणि दुसरी बाहीही पुढं केली.