दिघेकाकांच्या गाडीचं छत

सकाळी आंघोळ झाली की आमच्या गल्लीतली माणसं सूर्याला पाणी देतात. दिघेकाका गाडीच्या छताला देतात. देवघरातली पळी घेऊन खाली येतात, छतावर पाणी सोडतात आणि वाकून बघत बसतात. थेंब घरंगळला तर दिवस चांगला. कापडात मुरला, तर त्या दिवशी त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नसतो.

गाडी जुनी, वर मागे दुमडणारं काळं कापडी छत. अख्ख्या फ्रीगंज वस्तीत तशी दुसरी नाही. रेल्वेतून निवृत्त झालेला हा एकटा माणूस तिला टावर चौकात नेत नाही, कारण तिथे लोक छताला हात लावतात. "कपडा है भैया, चमडी समझो!" हे वाक्य दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. मी एकदा छतावरचं वाळकं पान उचललं, तर ते कोणत्या दिशेने ओढलं याची चौकशी झाली.

पण आमची लेक सई शाळेत असताना काका तिला म्हणून बसले होते, "तुझी बिदाई याच गाडीतून." पोरीने ते लक्षात ठेवलं. डिसेंबरात लग्न ठरलं आणि दोन दिवस उरले असताना आभाळ भरून आलं. मावठा, ऐन थंडीतला पाऊस! सासर देवासला, तासाभराचा रस्ता. त्यात सई नुकतीच न्यूमोनियातून उठलेली. भिजायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

"काका, दुसरी गाडी सांगू का?" मी भीत भीत विचारलं.

"सांगा ना. मग मी लग्नाला येत नाही."

त्यांनी छत धुवायला घेतलं. कोमट पाणी, मऊ ब्रश, फेस न होणारा साबण, हात पुढून मागे, एकाच दिशेने. मग दोन टेबलफॅन लावून वाळवणं. पाणी अडवणारं औषध फक्त स्वच्छ, खडखडीत कोरड्या कापडावरच बसतं आणि मुरायला रात्र घेतं. लग्नाच्या आदल्या दिवशी चार वाजता छत एकदाचं वाळलं. काकांनी काचांवर वर्तमानपत्रं चिकटवली आणि औषधाची बाटली आणायला ते वर गेले.

तेवढ्यात माझी आई खाली आली. ब्याऐंशीची, डोळ्यांनी अधू. "नवरी बसणार त्या गाडीला काही नको का?" म्हणत तिने वाटीत कुंकू कालवून आणलं होतं. गाडी भिंतीला लागून उभी, त्यामुळे हात पोचला तो ड्रायव्हरच्या बाजूला. तिथे तिने छतावर चांगलं टपोरं स्वस्तिक काढलं.

काका बाटली घेऊन आले आणि जागीच थबकले. बायको ओलं फडकं घेऊन धावली.

"रुको!" काका ओरडले.

पुसावं तर कापड पुन्हा ओलं होणार, न पुसावं तर तेवढी जागा औषधावाचून राहणार. लांबवर ढग गडगडले.

"माई, तुम्ही काढलंत?"

"हो रे. वाकडं झालं का?"

"नाही. बिलकुल सीधा है."

मग त्यांनी सगळ्या छतावर औषधाचे दोन हात मारले, स्वस्तिक तेवढं सोडून.

"अहो, तिथून गळेल!" मी म्हणालो.

"तिथे मी बसतो ना."

दुसऱ्या दिवशी मंगलाष्टकं चालू असताना मी अक्षता नवरानवरीवर टाकत होतो आणि डोळे आभाळाकडे. गाडी नवरानवरीला घेऊन फाटकातून वळली आणि पाऊस कोसळला. सईचा फोन लागेना. बायको माझ्याशी बोलेना. दुसरी गाडी का सांगितली नाही, म्हणून मी स्वतःला शंभर शिव्या घातल्या. अडीच तासांनी काका परतले.

"सई?"

"एकदम कोरडी. शालूला थेंब नाही."

ते खाली उतरले तेव्हा बघितलं, पांढरा शर्ट उजव्या खांद्यापासून कमरेपर्यंत लाल झाला होता. थंडीने दात वाजत होते.

बायको टॉवेल देत चिडलीच. "प्लॅस्टिकचा तुकडा तरी वर लावायचा! एवढं काय होतं त्या कुंकवात?"

काकांनी चष्मा पुसला. "वहिनी, बावीस वर्षं झाली गाडी आणून. नारळ मीच फोडला, मीच खाल्ला. कुंकू लावायला घरात होतं कोण? पहिल्यांदा कुणीतरी लावलं, ते झाकू कसं?"

मला फार लाज वाटली. गाडी आली त्या दिवशी आम्ही सगळे गॅलरीत उभे राहून बघत होतो. खाली कुणीच उतरलं नव्हतं.

आई खुर्चीतूनच म्हणाली, "उद्या गाडी आपल्या दारात आण. पुन्हा काढते. या वेळी बॉनेटवर."

काकांनी टॉवेल खांद्यावर टाकला.

"किती वाजता आणू, माई?" त्यांनी विचारलं.