शंभराचे एकशे साठ

आमच्या समोरचे लोटननाना रोज सकाळी दुधाची पिशवी घ्यायला फाटकाशी येतात आणि मला म्हणतात, "ताई, नेपाळचा भाव पाहा बरं."

खान्देशात भाव विचारण्याचं नवल नाही. कोणी जळगावच्या सोन्याचा विचारतो, कोणी रावेरच्या केळीचा, कोणी कापसाचा. नानांना हवा असतो नेपाळच्या रुपयाचा. आणि तो मेला बदलतच नाही. माझ्या लग्नाच्या आधीपासून आपल्या शंभराचे नेपाळात एकशे साठ होतात, आजही तेवढेच होतात. तरी स्वतःच्या मोबाईलवर बघून झालं की नाना माझ्या मोबाईलवर बघायला लावतात. मी "एकशे साठ" म्हटलं की मान हलवतात, "जठे व्हता तठेच शे," म्हणतात आणि आत जातात.

एकदा मी विचारलंच, "नाना, बदलत नाही तर रोज कशाला बघता?"

"बदलला नाही, हेच बघायला."

घ्या. आता अशा माणसाशी काय बोलायचं? दीपनगरच्या वीजकेंद्रात सगळी नोकरी मीटरच्या काट्यांकडे बघण्यात गेली. काटा हलला नाही की ड्यूटी चांगली झाली, एवढंच त्यांना ठाऊक. निवृत्त होऊन इथे धुळ्याला, देवपुरात घर बांधलं, पण खोड काही तिथे ठेवून आले नाहीत.

बरं, नेपाळशी यांचं नातं काय, तर दीपनगरच्या मंडळींबरोबर एकदा नवरा-बायको पशुपतिनाथाला जाऊन आले. संपलं. लोक यात्रेहून गंगाजल आणतात, यांनी भाव आणला.

आणि त्या भावाचा इतिहास! भडगावला एका लग्नात मी चुकून त्यांच्या शेजारी जेवायला बसले. वरणबट्टी ताटात यायच्या आत नाना सुरू. "पूर्वी हा भावसुद्धा लई वांड होता, ताई. शंभराचे एकशे एक काय, एकशे सत्तर काय. नुसते झोके. मग एकशे साठवर येऊन बसला तो बसला. याला म्हणतात संसाराला लागणं." हे सगळं वाढप्याला थांबवून त्यालाही ऐकवलं. बट्टी थंड झाली. मग स्टेजवर जाऊन नवरदेवाच्या हातात पाकीट देताना म्हणाले, "नेपाळसारखा राहा, बाबा." तो बिचारा बायकोकडे बघायला लागला.

डॉलरचं नाव काढलेलं त्यांना खपत नाही. "तो रावेरच्या केळीसारखा. सकाळी एक, दुपारी एक." आमच्या ह्यांच्या पोटाकडे बघून एकदा म्हणाले, "भाऊ डॉलर आहेत. चढतात, उतरायचं नाव नाही." हे तेव्हापासून डूख धरून होते.

नानांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणतो. पूर्वी त्या फाटकाशी तासभर बोलत उभ्या राहायच्या. हल्ली त्या फार विसरतात असं ऐकून होते. बाहेर दिसत नाहीत. विचारलं की नाना "बरी शे" म्हणतात आणि लगेच नेपाळवर येतात. मला याचा संताप यायचा. मुलगा पुण्याला, बायको आत एकटी, आणि हा बाबा काठमांडूत.

मागच्या आठवड्यात आमच्या ह्यांनी डूख काढला. कॉलनीच्या ग्रुपवर स्वतःच बनवून टाकलं, 'नेपाळचा भाव बदलला, आता शंभराचे एकशे वीसच.' आणि चहा पीत खिडकीशी बसले.

नाना आले ते बनियनवर, एका पायात चप्पल. "ताई, खरं का हो?" मोबाईल त्यांनी माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, "नाही हो नाना, ह्यांचा चावटपणा आहे. हे बघा, एकशे साठ." मला वाटलं, आता शिव्या देतील. पण ते मटकन आमच्या पायरीवर बसले. तेवढ्यात समोरच्या घरातून अक्कांची हाक आली आणि नाना तसेच उठून गेले. मला काही राहवेना. त्यांची दुसरी चप्पल रस्त्यात पडली होती, ती उचलून मागोमाग गेले.

अक्का पलंगावर बसल्या होत्या. अंगावर चांगलं पातळ, मांडीवर पर्स. माझ्याकडे पाहिलं, ओळखलं नाही.

"काहो, आपला शंभरना कितला व्हतस?"

"एकशे साठ," नाना म्हणाले.

"नक्की ना?"

"आत्तेच पाही उनू."

"मंग ती शाल ली ल्या." शाल घ्यायची ठरली तशा अक्का खुलल्या. मग म्हणाल्या, "मायनी जेवन करं का?"

"करं."

अक्कांची आई जाऊन किती वर्षं झाली, मला माहीत होतं. नाना मला दारापर्यंत सोडायला आले.

"दिवसभर खोटं बोलतो तिच्याशी," ते हळूच म्हणाले. "आई जेवली, पोरगा शाळेत गेला, उद्या दीपनगरला परत जायचंय. ती काठमांडूच्या बाजारातच उभी आहे, ताई. तिच्या एवढ्या एकाच प्रश्नाचं उत्तर अजून खरं आहे."

मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी कप खाली ठेवला. चहा तसाच निवून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी मी जायच्या आधी हेच जाऊन उभे राहिले, मोबाईल हातात धरून. नाना आले तसे हे म्हणाले, "नाना, एकशे साठ. जठे व्हता तठेच शे."

नानांनी चष्मा वर केला. "आजचाच पाहिला ना, भाऊ? कालचा नको. माले घरमा खरं सांगनं शे."