बाटली नीट हलवून घ्यावी

रविवारी सकाळी बायकोला जरा मदत करावी असं औषधवाल्यांच्या मनात आलं, आणि तिथेच त्या रविवारचे ग्रह फिरले.

औषधवाले म्हणजे कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचे मालक. माणूस अगदी देवमाणूस, पण दुकानाबाहेरच्या कुठल्याही कामाला त्यांनी हात लावला की त्याचा विचका झालाच म्हणून समजा. (एकदा त्यांनी गळका नळ दुरुस्त केला होता. खालच्या मजल्यावरचे लोक अजून बोलत नाहीत.)

त्या दिवशी अकराच्या सुमारास बागेच्या स्पर्धेच्या परीक्षक बाई यायच्या होत्या. वहिनींची, म्हणजे औषधवाल्यांच्या बायकोची, गच्चीवरची बाग दरवर्षी दुसरी यायची. पहिला नंबर समोरची दातांची डॉक्टरीण पटकावायची आणि वर मान वेळावून म्हणायची, "तुमचीही छान आहे हं!" त्या शब्दांनी वहिनींची झोप उडाली होती. यंदा पहिला नंबर आला नाही तर सगळ्या कुंड्या वाटून टाकीन, असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं.

"अगं, बाईंना आपण ब्रंच देऊ या," औषधवाले उत्साहाने म्हणाले. "अंडी, टोस्ट आणि बागेतल्या ताज्या पाल्याचं फसफसतं कॉकटेल! भाच्याने दिलेली शॅम्पेनसारख्या वाइनची बाटली पडूनच आहे. मी मोबाइलवर सगळं बघून ठेवलंय."

"अहो, तुम्ही नुसते गप्प बसा. तेवढी मदत पुष्कळ झाली," म्हणत वहिनी केस धुवायला गेल्या.

आता यात 'नको' असा शब्द कुठे होता, तुम्हीच सांगा! औषधवाले कात्री घेऊन गच्चीवर हजर. कृतीत लिहिलं होतं, 'थोडा पुदिना, थोडं बेसिल'. पण थोडं म्हणजे किती? डोस कमी पडला तर गुण कसा येणार? शिवाय वहिनींनी पुसूनबिसून अगदी पुढे मांडलेल्या कुंड्या आयत्याच हाताशी होत्या. वाकायलासुद्धा लागलं नाही. पाला घरी आला, खलात पडला आणि औषधवाल्यांनी तो असा घोटला की गाळून लिंबू-साखर घातल्यावर थेट खोकल्याचं औषध दिसू लागलं. मग तो औषधाच्या टोपणाने मोजून ग्लासांत ओतला.

वहिनी डोक्याला टॉवेल गुंडाळून गच्चीवर गेल्या आणि तिथूनच किंचाळल्या, "अहो! माझा पुदिना कुठाय?"

"ग्लासात!"

"आणि बेसिल?"

"तेही त्यातच. चांगलं घोटलंय!"

वहिनी रडणार की मारणार हे ठरायच्या आत बेल वाजली.

परीक्षक बाई पिकल्या केसांच्या, जाड चष्म्याच्या आणि अत्यंत कडक. गच्चीवर पुढच्याच कुंड्यांपाशी त्या थबकल्या. "हे काय?"

"आज सकाळीच छाटणी केली," वहिनी कशाबशा म्हणाल्या.

"छाटणी? ही हजामत आहे!"

वहिनींचे डोळे भरून आले. ते बघून औषधवाल्यांनी मनाशी ठरवलं. आता बाजी सावरायची तर आपल्यालाच! त्यांनी पुढे होऊन, ग्लासांबरोबर वर आणलेली वाइनची बाटली उचलली. आणि मंडळी, जो माणूस जन्मभर प्रत्येक गिऱ्हाइकाला "आधी बाटली नीट हलवून घ्या" म्हणून बजावत आला, तो न हलवता बाटली उघडेल होय? त्यांनी ती दोन्ही हातांनी गदागदा हलवली.

"अहो, नका ना!" वहिनी ओरडल्या, पण बूच सुटलं होतं. ते टाकीवर आपटलं आणि फेसाने बाईंना चष्म्यापासून चपलांपर्यंत आंघोळ घातली.

मग औषधवाले दुकानातल्या आवाजात म्हणाले, "घाबरू नका. डोळ्यात गेलं असेल तर साध्या पाण्याने धुवा."

बाईंनी चष्मा पुसला. बाटलीत उरलेली वाइन स्वतःच एका ग्लासात ओतली, तो हिरवा प्रकार उजेडात धरला आणि विचारलं, "हे जेवणाआधी घ्यायचं की नंतर?"

"दिवसातून तीनदा," औषधवाल्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

बाईंना हसू फुटलं. एवढं की ग्लास हिंदकळला. एक घोट घेऊन त्या म्हणाल्या, "वा! झकास झालंय!" मग ग्लास हातात घेऊनच त्यांनी सगळी बाग फिरून पाहिली, मागच्या कुंड्यांची माती चाचपली, पानं उलटून बघितली, आणि जाहीर केलं, "पहिला नंबर!"

वहिनी आनंदाने रडायलाच लागल्या. औषधवाल्यांची छाती फुगली. त्यांनी हळूच विचारलं, "कॉकटेलमुळेच ना हो, बाई?"

"छे! कीड आवरण्यात यांना पैकीच्या पैकी गुण दिलेत," बाई म्हणाल्या. "मावा काय, गोगलगायी काय, सगळ्यांच्याच बागेत असतात. पण एवढी मोठी कीड घरात पाळून बाग जगवणारी बाई मी आजच पाहिली."