नव्वद मंजिलींचे दामूकाका

दुर्गाघाटावर माणूस भेटला की आम्ही विचारतो, "काय, बरं आहे ना?" दामूकाका विचारतात, "तुला कितवी मंजिल देऊ?"

समोरून सांड आला तर कुणाच्या तरी उंबऱ्यावर चढून उभं राहावं लागतं, अशा गल्लीत राहून दामूकाका गेली नऊ वर्षं नव्वद मजल्यांची इमारत बांधताहेत. अर्थात कागदावर. रेल्वेत ड्राफ्ट्समन होते. जन्मभर पुलांचे नक्शे काढले, आता उद्याची काशी काढतात. तिथं वीज उन्हाची, पाणी पावसाचं, भाजी ज्याच्या त्याच्या मजल्यावर, आणि सांडपाण्याचा थेंबसुद्धा साफ केल्याशिवाय गंगेत जायचा नाही. सांडांना अकरावी मंजिल. "त्यांची लिफ्ट अलग," काका गंभीरपणे सांगतात. शंका काढली की उत्तर ठरलेलं: "तू कालचं बोलतोयस. उद्याचं बोल."

मला चौदावी मिळाली आहे. शेजारी वेदपाठशाळा, म्हणजे पहाटे चारपासून घोष! मी बदलून मागितली तर काका चिडले. उद्याच्या भिंतींतून आवाज येत नसतो म्हणे.

खरं सांगतो, अख्खी गल्ली त्यांची टर उडवते, आणि मी त्यात सगळ्यांच्या पुढे. एकटी माझी आई तसं करत नाही. थंडीत आमच्या सज्जात अकराच्या सुमारास पाऊण तास ऊन येतं. तिला पक्षाघात झाल्यापासून आम्ही तिला तेवढा वेळ तिथं खुर्चीत बसवतो. समोरच्या खिडकीत काका असतात. ती रोज विचारते, "भाऊजी, कुठवर आलं बांधकाम?" काका रोज सविस्तर सांगतात.

मागच्या पौषात त्यांचा मुलगा अविनाश नोएडाहून आला आणि मिस्त्रीला घेऊन घरात शिरला. काकू गेल्यापासून काका एकटेच. अविनाशचं म्हणणं सरळ होतं: घरावर एक मजला चढवू, यात्रेकरूंना खोल्या देऊ, मी नोकरी सोडून इथंच येतो. मजला नाही तर येणंही नाही. काकांनी मिस्त्रीला जिन्यातूनच परत पाठवलं. पाया कच्चा आहे म्हणाले. अविनाश न जेवता गेला.

मला हसू आवरेना. नव्वद मजलेवाल्याला एक झेपेना! चिडवायला म्हणून मी मुद्दाम वर गेलो. काका खिडकीशी बसले होते. पुढ्यात नक्शा होता, पण त्यांच्या आणि आमच्या घराचा. नव्या मजल्याची सावली पेन्सिलीनं काळी केलेली, आणि त्या काळ्यात आमच्या सज्जातली खुर्ची. बाजूला बारीक अक्षरात: अकरा दहा ते अकरा पंचावन्न.

"पाया पक्का आहे रे," काका म्हणाले. "पण वहिनींना ऊन कुठून आणू?"

मला भयंकर लाज वाटली. अविनाशला खरं का नाही सांगितलं, असं विचारलं.

"मग तो वहिनींवर रागावला असता. माझ्यावर रागावलेला चालतो."

दुसऱ्या दिवशी आईला उन्हात बसवलं. तिनं नेहमीसारखं विचारलं, "भाऊजी, कुठवर आलं?"

काकांनी पेन्सिल कागदावर टेकवली.

"नव्वदावीवर आहे, वहिनी," ते म्हणाले. "अविनाशची खोली काढतोय."