एका दाखल्याच्या दोन सीटा

कर्नाटकातल्या आमच्या निपाणीत कुणाच्याही पोराला पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी सायन्सला घालायचं असलं, की आईबाप आधी माझा ओटा गाठतात! मी भीमरत्न, नोकरीनं पोस्टातला कारकून. पण दहावीचा निकाल लागला की गल्लीचं ॲडमिशन ऑफिस मीच; लोकांच्या अर्जांचा गठ्ठा माझ्या ओट्यावर, नि त्यातला एकही कधी चुकत नाही. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सच्या जोडीला बायोलॉजी घ्यायचं की कॉम्प्युटर, म्हणजेच कुणी डॉक्टर व्हायचं नि कुणी नाही, ते माझ्या पेनानं ठरतं.

माझ्या लेकीला, उपासनाला डॉक्टरच व्हायचं होतं. मी बायोलॉजीसाठी दोन अर्ज ठोकले. एक निपाणीत पीयूसीला, दुसरा सीमेपलीकडं महाराष्ट्रात, कागलला अकरावीला. दोन राज्यांच्या मधे राहायचं नि फायदा एकाचाच घ्यायचा?

"आप्पा, ओरिजनल दाखला एकच हाय न्हवं?" उपासना म्हणाली.

"लई शानी हाईस! ओरिजनल कागलला, झेरॉक्स निपाणीला!"

शेजारच्या आण्णाप्पाच्या विक्रमचा अर्जही मीच भरला. निपाणीच्या बायोलॉजीला तो वेटिंगवर पहिला. आण्णाप्पा रडकुंडीला आला.

"रडतोस कशाला रं?" मी म्हणालो. "शेवटच्या दिवशी पाचपर्यंत काउंटर सोडू नको. कोणतर अतिशहाणा दोन्हीकडं सीट धरून बसलेला असतोय. त्यो हमखास चुकतोय!"

उपासनाचं नाव दोन्हीकडं लागलं. कुठली सीट भारी हे तोलण्यात मी शेवटचा दिवस उजाडवला! सकाळी ठरलं, घरचं निपाणीच बरं. पाचच्या आत निपाणीत ओरिजनल द्यायला हवा, म्हणून तो आणायला कागलला पळालो.

"प्रवेश रद्द करायला मुलीची सही लागेल," तिथला क्लार्क म्हणाला.

परत निपाणी! सही घेऊन पुन्हा कागल! आता प्राचार्य जेवायला गेलेले. चार वाजता दाखला हातात पडला, आणि सीमेवर आमची बस वाहनांच्या रांगेत अडकली. मी उतरून पळालो, रिक्षा पकडली, कॉलेजात पोचलो तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती.

"पाचला सीट वेटिंगला दिली की," काउंटरवरचा रविराज म्हणाला.

"कुणाला?"

त्यानं अर्ज पुढं सरकवला. अक्षर माझंच होतं!

कागलला फोन लावला. आमची रद्द झालेली सीट तिथं तासाभरात गेली होती. निपाणीत उरलं होतं फक्त कॉम्प्युटर.

संध्याकाळी आण्णाप्पा पेढे घेऊन हजर!

"तुम्ही सांगितलासा तसंच झालं बघा! कोणतर अतिशहाणा खरंच चुकला!"

स्वतःच्या लेकीचं वाटोळं करून लोकांना डॉक्टर करणारा मी पहिलाच असेन.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरचा अर्ज उपासनानं स्वतःच भरला आणि सहीपुरता माझ्यापुढं धरला.

"बघू, बरोबर भरलाईस का?" मी सवयीनं म्हणालो.

"बघू नका, आप्पा. सही करा." पेन पुढं करत ती म्हणाली, "माझा बी अर्ज लोकांच्या गठ्ठ्यात घालायचा हुता की."