खरात सर काही टाकून देत नाहीत

स्वच्छतेच्या भरात मी एकदा शाळेचा एकुलता एक कॉम्प्युटर मारला. नातवंडांना हे सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगते.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आष्टीच्या शाळेत मी लेखनिक होते. तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आल्ते, त्यामुळं शहाणपण अंगात मावत नव्हतं. मशीनच्या पडद्यावर एका जागी वाचलं, लपवलेल्या फायली दाखवू का? माझ्या ऑफिसात माझ्यापासूनच लपवाछपवी? दाखव म्हटलं. मशीननं 'नको' म्हणून ताकीद दिली, तिलाही मी दटावलं. त्यातली एक फाईल अगदीच बिनकामाची वाटली. ज्वारीतला खडा उचलून फेकावा तशी फेकली, वर कचरापेटीही रिकामी केली.

सकाळी काळा पडदा. त्यावर इंग्रजीत एकच ओळ: एनटीएलडीआर हरवलं आहे. म्हणजे मी फेकलेली तीच फाईल, तिच्याशिवाय मशीन उठतच नाही.

जालन्याहून कॉम्प्युटरचा दुकानवाला आला. "फॉरमॅट मारावं लागतंय, म्याडम. सगळं पुसून नवं टाकू."

आत शाळेचं जनरल रजिस्टर होतं, आजवरच्या सगळ्या पोरांची नोंद. मूळ वह्या वाळवीनं खाल्ल्या होत्या. उरलेल्या चिंध्यांवरून दोन वर्षं खपून मी ते टाईप केलं आणि चिंध्या जाळल्या. दुसरी प्रत? माझ्यासारख्या हुशार बाईला प्रत कशाला लागते!

"पुसायचं? बिलकुल न्हाई!" दारातून आवाज आला. खरात सर.

हे विज्ञान शिकवायचे आणि जन्मात काही टाकून द्यायचे नाहीत. छत्रीच्या काड्या, खडूची टोकं, फुटक्या परीक्षानळ्या, सगळं कपाटात. त्यांच्यापुढं 'टाकून द्या' म्हणणं म्हणजे आईवरून शिवी देणं. हेडसरांनी एकदा त्यांचं मोडकं स्टूल भंगारात घातलं. तासाभरानं खरात सर भंगारवाल्याच्या गाड्यावरून शाळेत परत आले, त्याच स्टुलावर बसून.

हा किस्सा जालन्यापर्यंत पोचला होता. दुकानवाला म्हणाला, "सर, हे तुमचं स्टूल न्हाई."

"किल्ली हरवली म्हणून घर पाडतो का रे तू? सरक."

"मंग बिघडलं तर मला बोलवू नका."

"आत्ता तरी तुला कोण बोलवून राह्यलं?" सर माझ्याकडं वळले. "बाई, मशीनसोबत सीडी आल्ती. कुठंय?"

मी पदराचं टोक चाळवू लागले. शाळेच्या पेरूवर पोपट येऊ नयेत म्हणून ती सीडी मीच झाडाला टांगली होती.

"माहितीये," सर म्हणाले आणि जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून रुमालात गुंडाळलेली सीडी काढली. टांगली त्याच दिवशी त्यांनी ती उतरवून तिथं तेलाच्या डब्याचं झाकण लावलं होतं. पोपटांना फरक कळला नाही. मलाही नाही.

सीडी आत गेली. निळा पडदा आला: दुरुस्ती करायची तर आर दाबा. सरांनी दाबलं. मग काळ्या पडद्यावर एका बोटानं हुकूम लिहायला बसले, की सीडीतली ती फाईल उचल आणि तिच्या जागी ठेव. एक अक्षर चुकलं. पुन्हा. दोन शब्दांमधली मोकळी जागा राहिली. पुन्हा. दुकानवाला गालात हसत होता. तिसऱ्यांदा मशीन म्हणालं, एक फाईल कॉपी झाली.

सीडी काढून मशीन पुन्हा चालू केलं. पडद्यावर नेहमीचं हिरवं माळरान, निळं आभाळ! रजिस्टर जागच्या जागी. दुकानवाला चपला घालून गेला. मी नाचायचीच बाकी होते.

"बाई," सर हळूच म्हणाले, "चित्रा खरात काढा."

त्यांची मुलगी. मी नोकरीला लागायच्या आधी, याच शाळेत आठवीत असताना तापानं गेली. वाळवीनंतर शाळेत तिचं नाव या मशीनमध्येच तेवढं उरलं होतं. मी ओळ काढली. सरांनी चष्मा पुसला, नाव वाचलं, जन्मतारीख वाचली, पुन्हा नावापाशी आले.

आणि मी शहाणी! मला रिकामा रकाना बघवत नाही. 'शाळा सोडल्याचे कारण' मोकळं दिसलं, तशी लगेच विचारती झाले, "सर, इथं काय भरू?"

खरात सरांनी कीबोर्ड माझ्यापुढून ओढून घेतला.

"काही भरायचं न्हाई, बाई. तिनं शाळा सोडली न्हाई."